गुन्हा कबूल आहे

(द्वितीय वर्ष, कला)

'कायद्यापुढे सर्व समान' हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून पाठ केले आहे. परीक्षेत ते लिहून मार्कही मिळवले आहेत. राज्यघटनेचे कलम 14 काय सांगते, असे कुणी मला झोपेतून उठवून विचारले तरी मी सांगेन. परंतु गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एक दिवस कोर्टाच्या व्हरांड्यात बसून आल्यापासून हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. तो का अडखळतो, हे सांगावे म्हणून हा लेख.

माझे गाव वेल्हे तालुक्यातले. तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड झाले असले तरी एस.टी.त आणि बाजारात अजून वेल्हेच म्हणतात. गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला दहाबारा झोपड्यांची कातकरी वाडी आहे. भातलावणीला आणि कापणीला ही माणसे आमच्या शेतात येतात. एरवी ओढ्यातले मासे-खेकडे, जंगलातली लाकडे, आणि दिवाळी झाली की कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर. या वाडीतली एक बाई आमच्याकडे माझ्या जन्माच्याही आधीपासून कामाला येते. मी तिला मावशी म्हणते.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता वाडीवर धाड पडली. हातभट्टी लावणारे पुरुष ओढ्याकडे होते. चाहूल लागताच ते रानात पळाले. मावशीच्या घरात दारूचा कॅन होता आणि मांडीवर तापाने फणफणलेला नातू होता. त्याला टाकून पळायचे कसे? ती सापडली. कॅन तिच्या घरात होता हे खरे. भट्टी तिची नव्हती, हेही तितकेच खरे.

चारआठ दिवसांनी कोर्टाचा कागद घेऊन ती आमच्या दारात आली. माझ्या आईला म्हणाली, "बाय, तुझी पोरगी शिकलेली हाय. तिला संगट येऊ दे." आमच्या घरात असा कागद वाचू शकणारी मीच पहिली. मला त्या दिवशी जरा अभिमानच वाटला, हे लपवत नाही. मी कॉलेज बुडवून तिच्याबरोबर गेले.

कोर्टाच्या आवारात ज्याला त्याला विचारत आम्ही फिरलो. वकिलाची फी ऐकून मावशी खालीच बसली. शेजारी बसलेल्या एका अनुभवी गृहस्थांनी मला समजावले, "खटला लढायचा तर तारखा पडतील. प्रत्येक तारखेला मजुरी बुडेल, गाडीभाडे जाईल. जामीनदार लागेल, त्याला सातबारा लागेल. त्यापेक्षा कबूल करून टाका. दंड भरा, मोकळे व्हा." मला हे शहाणपणाचे वाटले. तिच्या नावावर सातबारा कुठला? मी मावशीला म्हटले, "मावशी, साहेबांनी विचारले की 'गुन्हा कबूल आहे' म्हणा." तिने ते तीन शब्द दोनदा घोकले आणि आत जाऊन तसेच म्हटले. कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा आणि दंड झाला. कोर्टात कुणी तिच्यावर ओरडले नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. सगळे नियमाने झाले. संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही घरी आलो.

पण ती मोकळी झाली का? दंडाचे पैसे तिने वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल म्हणून घेतले. उचल घेतली की फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. दिवाळीनंतर ती गेली. बरोबर सहावीतली नात गेली, कारण लहान भावंडाला सांभाळायला कुणीतरी हवे होते. ती नात या वर्षी शाळेच्या पटावर नाही. कागदावरची शिक्षा एका दिवसाची होती. फेडीला एक हंगाम आणि एका मुलीची शाळा गेली. शिवाय 'पूर्वी शिक्षा झालेली' असा शिक्का बसला तो वेगळाच. पुन्हा कधी धाड पडली तर तो तिच्या आधी कोर्टात हजर असेल.

त्याच पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका फार्महाऊसवर शनिवार-रविवारी रात्रभर गाणी वाजत होती. सकाळी गुरे घेऊन जाणाऱ्या पोरांना ओढ्यात बाटल्या सापडत. तिथे परवाना होता की नव्हता, मला माहीत नाही. विचारायला कुणी गेल्याचे मात्र आम्ही पाहिले नाही.

मनात हे सारे घोळत असतानाच राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी समतेवर बोलताना अमेरिकेचा दाखला दिला. कोकेन हे एकच द्रव्य. त्याची भुकटी श्रीमंत गोरे लोक वापरीत. तीच भुकटी खाण्याच्या सोड्याबरोबर शिजवून केलेले खडे, ज्याला तिकडे 'क्रॅक' म्हणतात, ते स्वस्त म्हणून गरीब काळ्या वस्त्यांत विकले जात. 1986 साली तिकडे कायदा झाला. 500 ग्रॅम भुकटी सापडली तर किमान पाच वर्षे, आणि खडे सापडले तर अवघ्या 5 ग्रॅमला तीच पाच वर्षे. कायद्यात 'काळा' हा शब्द कुठेही नव्हता. तरीही तो कोणावर पडणार हे वजनकाट्यावरच ठरले होते. हे शंभरास एकाचे प्रमाण 2010 साली बदलले. नाहीसे झाले नाही, अठरास एक झाले. म्हणजे अन्याय कमी करायला चोवीस वर्षे लागली आणि तोही पुरता गेला नाही.

तिथल्या केंद्रीय शिक्षा आयोगाचा 2023 सालचा अहवाल सांगतो की, गुन्हा आणि पूर्वेतिहास यांचा हिशेब धरूनही काळ्या पुरुषांना गोऱ्या पुरुषांपेक्षा सरासरी 13.4 टक्के जास्त काळाची शिक्षा होते. आणि स्त्रियांना पुरुषांपेक्षा 29.2 टक्के कमी काळाची.

तास संपल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "बरे आहे बाई, आपल्याकडे काळे-गोरे नाही." मी तिला त्या वेळी उत्तर देऊ शकले नाही. आज देते.

आपल्याकडे काळे-गोरे नाही, पण 1871 साली इंग्रजांनी 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला आणि माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. आपल्या महाराष्ट्रातले पारधी, कैकाडी, कंजारभाट, रामोशी या कायद्याखाली आले. सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या आत वसाहत करून त्यांना ठेवले गेले. हजेरी दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नसे. स्वातंत्र्य आले 1947 ला आणि हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. कायदा गेला, संशय राहिला. तो इतका राहिला की तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणारे आणि जातीवरून झाडलोट वा स्वयंपाक वाटून देणारे नियम तसेच होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, ते 3 ऑक्टोबर 2024 रोजी. मी तेव्हा कॉलेजात पाऊलही टाकले नव्हते, असे म्हणण्याइतकी ही ताजी गोष्ट आहे.

दारूचेही तसेच. घरच्या घरी मोहाची दारू गाळणे ही डोंगरातल्या लोकांची जुनी रीत. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारच्या महसुलासाठी ती गुन्ह्यात आणली. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. या कायद्यात परवान्याची सोय आहे. ज्याला परवाना काढता येतो त्याचे पिणे कायदेशीर. ज्याला येत नाही त्याचे बेकायदेशीर. माझ्या मावशीला परवाना हा शब्दही माहीत नाही.

आता गांजा, चरस, ब्राऊन शुगर यांचा कायदा पाहू. हा अंमली पदार्थांचा कायदा 1985 चा. 2001 साली त्यात सुधारणा होऊन वजनावर शिक्षा ठरू लागली. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोहून अधिक म्हणजे 'व्यापारी'. हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत अल्प, 250 ग्रॅमहून अधिक म्हणजे व्यापारी. अल्प असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष, व्यापारी असेल तर दहा ते वीस वर्षे. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते. वजन काही जात विचारत नाही! पण 2020 साली हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वजन करताना भेसळीसकट सगळे धरायचे. भेसळ करून विकणाऱ्या टोळ्या सुटू नयेत, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु भेसळीचा माल वापरतो कोण? स्टेशनाबाहेर, पुलाखाली पडलेला माणूस. शुद्ध माल परवडणाऱ्याचे वजन कमी भरते, आणि पिठी मिसळलेल्या पुडीवाल्याचे जास्त. अमेरिकेतल्या खड्यांची गोष्ट मला इथे आठवते.

'विधि सेंटर फॉर लीगल पॉलिसी' या संस्थेने मुंबईतल्या 2017 आणि 2018 सालच्या अशा दहा हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यास केला. जवळजवळ सगळे खटले स्वतः सेवन केल्याचे निघाले, आणि त्यांतही बहुतेक गांजाचे. पण माझे डोळे ज्या ओळीवर थांबले ती वेगळीच होती. ज्यांना शिक्षा झाली त्यांनी गुन्हा कबूल केलेला होता. मला कोर्टाचा तो व्हरांडा आठवला. ते तीन शब्द मावशीने एकटीने घोकलेले नव्हते तर!

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आपल्याकडची विषमता बहुधा न्यायाधीशाच्या लेखणीत नसते. ती लेखणी उचलण्याच्या आधीच ठरून गेलेली असते. धाड कुणाच्या घरी पडते, पळता कुणाला येते, जामीनदार कुणाला मिळतो, तारखेला मजुरी कुणाची बुडते, यांवर 'कबूल आहे' आणि 'कबूल नाही' यांतली निवड अवलंबून असते. गरिबाची कबुली हा बऱ्याचदा गुन्ह्याचा पुरावा नसतो. तो त्याच्या रिकाम्या खिशाचा पुरावा असतो. आणि जो कबूल करत नाही त्याचे काय होते? 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांतली 4,34,302 कच्ची कैदी होती, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे अशी. चारांतली तीन माणसे शिक्षेआधीच शिक्षा भोगत आहेत.

याच्या उलट बाजू आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळते. येरवडा तुरुंगातला मेफेड्रोन प्रकरणाचा एक कैदी आजारपणाच्या नावाखाली महिनोन्महिने ससून रुग्णालयात राहिला आणि 2 ऑक्टोबर 2023 ला तिथूनच पळाला. पुढे तो पकडला गेला. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. आमच्या निबंधाला कधी इतके मोल आले नव्हते!

या निबंधाची सगळ्यांनी चेष्टा केली, मीही केली. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटले, की अल्पवयीन मुलाला सुधारण्याची संधी द्यावी हे तत्त्व काही वाईट नाही. चूक ती संधी देण्यात नाही. ती संधी नेमकी कुणाच्या वाट्याला येते, यात आहे. विटांच्या भट्टीवरचा सतरा वर्षांचा मुलगा चोरीत सापडला तर त्याला निबंध लिहायला सांगायला कुणी तितक्या तातडीने बसते का? त्याला लिहिता येते का, हा तर आणखी पुढचा प्रश्न.

स्त्रियांच्या सवलतीकडेही मी असेच पाहते. अमेरिकेत त्यांना कमी शिक्षा होते, हा आकडा ऐकून वर्गातल्या मुलांनी बाके वाजवली. "बघा, अन्याय आमच्यावर!" त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण शिक्षा देताना न्यायाधीशाला त्या बाईच्या मागे तिची पोरे दिसत असतील, तर तो पक्षपात म्हणायचा की नीट पाहणे? मला ते नीट पाहणे वाटते. मग भूमिहीन बापाच्या मागची पोरेही दिसायला हवीत, एवढेच. सवलत काढून घेऊन समता आणायची नसते, ती वाढवून आणायची असते.

शिवाय स्त्रीची शिक्षा वर्षांत मोजून भागत नाही. आपल्या तुरुंगांत शंभरात चार बायका आहेत. पुरुष आत गेला तर बायको डबा घेऊन भेटीला जाते, वकिलाच्या पायऱ्या झिजवते. बाई आत गेली तर कोण जाते? सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याबरोबर तुरुंगात राहू शकते. त्यानंतर त्याने कुठे जायचे? पुरुष सुटून आला की घरी येतो. बाई सुटून आली तर घर तिला घेईलच असे नाही. मावशीला तर साधा दंड झाला; तरी वाडीवरच्या पुरुषांनी तिलाच बोल लावला, की तिच्यामुळे पोलिसांना वाट सापडली. भट्टी लावणारा उजळ माथ्याने फिरतो आहे.

इथे माझ्यावर आक्षेप येईल की, ही दारूवाल्यांची तरफदारी झाली. तसे मुळीच नाही. दारूने काय होते हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ज्या घराच्या भिंतीला कान लावावा त्या घरात ते ऐकू येते. महाराष्ट्रात बायकांना मतदानाने दारूचे दुकान बंद करता येते; 'उभी बाटली, आडवी बाटली' ही निशाणी आपल्याला ठाऊक आहे. असे मतदान आमच्या गावात झाले तर मी आडव्या बाटलीपुढेच शिक्का मारीन. आणि मावशीही तसाच मारील, याची मला खात्री आहे, कारण तिचा थोरला मुलगा दारूनेच गेला. कायदा असावा, तो कडकही असावा. पण तो उतारावरच्या पाण्यासारखा नेहमी खालच्याच अंगाला वाहू नये.

आता माझ्या कबुलीकडे येते. या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात एका वकीलबाईंचे व्याख्यान झाले. मी वहीत टिपणे घेत मागे बसले होते. त्या म्हणाल्या की, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या कोणाही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो.

माझे पेन थांबले. मावशी स्त्री आहे. मावशी कातकरी आहे, म्हणजे अनुसूचित जमातीतली. एका हक्कासाठी तिच्याकडे दोन कारणे होती, आणि बरोबर एक शिकलेली मुलगी होती. त्या शिकलेल्या मुलीने तिला सांगितले, "कबूल आहे म्हणा." वकील मिळाला असता तर ती सुटलीच असती असे मी म्हणत नाही. पण घरात सापडलेला कॅन आणि ओढ्यावरची भट्टी यांतला फरक कुणीतरी कोर्टापुढे मांडला असता. आजारी नातवाची गोष्ट कुणीतरी सांगितली असती. दंड हप्त्याने भरता येईल का, एवढे तरी कुणी विचारले असते. यांतले काहीच झाले नाही, कारण तिच्या बाजूने बोलायला मी होते आणि मला काही माहीत नव्हते.

या विषमतेत पोलीस, वकील, कायदा यांना दोष देणे सोपे आहे, आणि तो काही अंशी खराही आहे. परंतु आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांचाही त्यात वाटा आहे. गावाने आपल्याला कागद वाचायला पाठवले आहे. आपण कागद वाचतो, पण त्या कागदाच्या मागे काय हक्क दडले आहेत ते आपल्याला कुणी शिकवलेले नसते आणि आपणही शोधत नाही.

म्हणून प्राचार्यांना, प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक छोटीशी सूचना आहे. आपले शिबिर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावात सात दिवस असते. आपण बंधारे बांधतो, रस्ता झाडतो, रात्री पथनाट्य करतो. त्यातली एक दुपार वाड्या-वस्त्यांवर या एका माहितीसाठी द्यावी. मोफत वकील कुणाला मिळतो, अर्ज कुठे करायचा, जामीन म्हणजे काय, कबूल करणे म्हणजे काय, एवढेच सांगावे. अर्ज लिहून द्यायला भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या गावात आपल्या कॉलेजचा एक तरी विद्यार्थी असावा. त्याला खर्च काही नाही. आपली अक्षरओळख एवढेच भांडवल.

मावशी वैशाखात भट्टीवरून परतली. उचल पुरती फिटलेली नाही. मी तिला विधी सेवेची गोष्ट सांगितली तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्या दिशी का न्हाई सांगितलंस, पोरी?"

मला एकच उत्तर सुचले, आणि ते मीच तिला पाठ करून दिलेले होते.